देश ओलांडून येणारे दत्तक मूल

पुण्या-मुंबईच्या एखाद्या संस्थेतले मूल दत्तक म्हणून स्वीडन, इटली, स्पेन किंवा अमेरिकेला निघाले, की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. ‘पोराचे नशीब उघडले’ ही पहिली आणि ‘आपली मुले परक्यांना कशाला?’ ही दुसरी. परदेशी स्थायिक झालेले मराठी जोडपे इथून मूल घेऊन जाते, तेव्हा दुसरी प्रतिक्रिया गळते, पहिली राहते. मुलाच्या प्रकृतीचा विचार मात्र या दोन्हींत नसतो. विमानात बसलेले ते मूल म्हणजे कोरी पाटी नसते. पोटात असताना आईला मिळालेले किंवा न मिळालेले अन्न, जन्माच्या वेळचे वजन, संस्थेच्या पाळण्यात काढलेले महिने या साऱ्यांच्या खुणा त्याच्या उंचीत, रक्तात, झोपेत आणि वागण्यात असतात.

वैद्यकशास्त्राने गेल्या चाळीसेक वर्षांत अशा मुलांचा बारकाईने अभ्यास केला आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने १९८६ मध्ये केवळ परदेशांतून दत्तक आलेल्या मुलांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, पुढे इतरत्रही तसे विभाग निघाले. या सगळ्या अनुभवाचा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. बहुतेक मुले आश्चर्य वाटावे इतकी भरून येतात. पण किती भरून येतात, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. मुलाला घर किती लवकर मिळाले आणि त्याच्यासोबत आलेली माहिती किती खरी होती. अडचण अशी, की या दोन गोष्टी अनेकदा एकमेकींना ओढतात. घाई केली की माहितीत खोट राहते आणि कागद तपासत बसले की मुलाचे महिने वाया जातात.

ओघ का वाढला, का आटला?

आंतरदेशीय दत्तकाची मोठी लाट आली ती १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धानंतर. त्यानंतरच्या काही दशकांत दक्षिण कोरियातून सुमारे दोन लाख मुले अमेरिका आणि युरोपात गेली. पुढे व्हिएतनाम, रुमानिया, रशिया, चीन, ग्वाटेमाला, इथिओपिया अशी देशांची नावे बदलत राहिली. २००४ च्या सुमारास हा ओघ शिगेला पोहोचला. त्या वर्षी एकट्या अमेरिकेत जवळपास २३ हजार मुले परदेशांतून दत्तक आली. २०२३ च्या आर्थिक वर्षात हा आकडा १,२७५ वर आला होता. दीड लाखाहून अधिक मुले परदेशी पाठवणाऱ्या चीनने सप्टेंबर २०२४ मध्ये हा मार्ग जवळजवळ बंदच केला.

भारतात या विषयाला वळण लागले ते एका पत्राने. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ मध्ये परदेशी दत्तकातील गैरप्रकारांविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्यालाच याचिका मानले आणि १९८४ मध्ये न्या. पी. एन. भगवती यांनी सविस्तर नियम घालून दिले. मुलासाठी आधी देशातच घर शोधायचे, ते मिळाले नाही तरच परदेशाचा विचार करायचा, हे तत्त्व तेथून रुजले. १९९३ च्या हेग कराराने हेच तत्त्व जगाने स्वीकारले आणि २००३ मध्ये भारताने त्या कराराला मान्यता दिली. आज केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, या संस्थेमार्फतच हे दत्तक होते. २०२४-२५ मध्ये ‘कारा’मार्फत ४,५१५ मुलांना घर मिळाले, त्यांपैकी ४,१५५ देशातच राहिली. उरलेली साडेतीनशेच्या आसपास मुले परदेशी गेली.

ही परदेशी जाणारी मुले कोणती, हे समजून घेण्यासारखे आहे. देशात तान्ह्या, निरोगी बाळासाठी पालकांची रांग असते. त्यामुळे परदेशी पालकांकडे प्रामुख्याने जातात ती वयाने मोठी झालेली मुले, एकत्र राहू इच्छिणारी भावंडे आणि ज्यांना सरकारी भाषेत ‘विशेष गरजा असलेली’ म्हणतात ती मुले. कोणाच्या हृदयाला छिद्र असते, कोणाचा ओठ दुभंगलेला असतो, कोणाला ऐकू येत नाही, कोणी सातव्या महिन्यात जन्मलेले असते. म्हणजे ज्यांना वैद्यकीय मदतीची सर्वाधिक गरज, तीच सर्वांत लांबचा प्रवास करतात.

महिने मोजावे लागतात

घर लवकर मिळण्याचे महत्त्व जगाला कळले ते रुमानियात. हुकूमशहा चाउशेस्कू याने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली. पोसायची ऐपत नसलेल्या घरांतली मुले सरकारी संस्थांत जाऊ लागली. डिसेंबर १९८९ मध्ये त्याची सत्ता कोसळली, तेव्हा एक लाखाहून अधिक मुले अशा संस्थांत असल्याचे उघड झाले. त्यांतल्या बहुतेकांचे आईबाप हयात होते. दूरचित्रवाणीवर ती दृश्ये पाहून पाश्चात्त्य देशांतल्या पालकांनी हजारो मुले दत्तक घेतली.

ब्रिटनमध्ये आलेल्या अशा मुलांचा अभ्यास बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांच्या गटाने सुरू केला. १६५ रुमानियन मुले आणि तुलनेसाठी ब्रिटनमध्येच जन्मून सहा महिन्यांच्या आत दत्तक गेलेली ५२ मुले अशी ही पाहणी होती आणि ती मुले प्रौढ होईपर्यंत चालली. संस्थेत सहा महिन्यांपेक्षा कमी काळ काढलेली मुले पुढे इतर दत्तक मुलांसारखीच वाढली. त्याहून अधिक काळ काढलेल्यांपैकी अनेकांत एकाग्रतेचा अभाव, अतिचंचलपणा, माणसांशी नाते जोडण्यातल्या अडचणी तरुणपणापर्यंत टिकल्या. मात्र त्यांची मागे पडलेली बौद्धिक वाढ पुढे बरीचशी भरून आली आणि सुमारे पाचातल्या एकाला कोणत्याही टप्प्यावर अशा समस्या आल्या नाहीत. २०२० मध्ये या तरुणांच्या मेंदूचे एमआरआय प्रसिद्ध झाले. त्यांच्या मेंदूचे एकूण आकारमान तुलनेच्या गटापेक्षा सरासरी ८.६ टक्क्यांनी कमी होते. जितके महिने संस्थेत गेले, तितका फरक मोठा होता.

दुसरा अभ्यास खुद्द बुखारेस्टमध्ये झाला. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी संस्थांतील सहा ते एकतीस महिने वयाच्या १३६ मुलांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला प्रशिक्षित संगोपन कुटुंबांत ठेवले, दुसऱ्या गटाची व्यवस्था पूर्वीसारखी चालू राहिली. साडेचार वर्षे वयाला बुद्ध्यंक मोजला, तेव्हा संस्थेतल्या मुलांचा सरासरी ७३, कुटुंबात गेलेल्यांचा ८१ आणि जन्मापासून स्वतःच्या घरी वाढलेल्या मुलांचा १०९ भरला. कुटुंबात गेलेल्यांतही ज्यांना दोन वर्षांच्या आत घर मिळाले, त्यांचा फायदा अधिक होता.

हे का होते? रुमानियातल्या संस्थांत हाल होतेच. पण दूध, अन्न आणि स्वच्छता पुरेशी असलेल्या संस्थेतही मूल मागे पडते. तान्ह्या बाळाचा मेंदू देवाणघेवाणीतून घडतो. बाळ हुंकारते, कोणीतरी उत्तर देते. ते रडते, ओळखीचा हात येतो. संस्थेत एका सेविकेकडे अनेक बाळे असतात, पाळ्या बदलतात, बाटली उशीला टेकवून दूध पाजावे लागते. रडून कोणी येत नाही हे कळले, की बाळ रडणेच कमी करते आणि पाहणाऱ्याला ते ‘शहाणे’ वाटते. सततच्या ताणाने वाढीच्या संप्रेरकांवरही परिणाम होतो. चीनमधून अमेरिकेत आलेल्या मुलींच्या एका मोठ्या पाहणीत संस्थेतल्या साधारण दर तीन महिन्यांमागे उंचीची एका महिन्याची वाढ मागे पडलेली आढळली.

भरून येणारी वाढ आणि लवकर येणारे वय

घर मिळाल्यावर वजन आधी वाढते, मग उंची. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाच्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दत्तक मुलांची उंची आणि वजन काही वर्षांत जवळपास पूर्णपणे भरून आल्याचे दिसले. डोक्याचा घेर मात्र मागे राहतो. म्हणून अशा मुलाला तपासताना डॉक्टर वजनकाट्याइतकेच महत्त्व डोक्याभोवती फिरवलेल्या टेपला देतात.

या झपाट्याच्या वाढीची एक बाजू भारताशी थेट जोडलेली आहे. स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या १०७ भारतीय मुलींचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना पहिली पाळी येण्याचे मध्यम वय ११.६ वर्षे निघाले. ते स्वीडिश मुलींपेक्षा आणि भारतातल्या सुस्थितीतल्या घरच्या मुलींपेक्षाही कमी होते. सर्वांत लहान मुलगी ७.३ वर्षांची होती. पाळी लवकर आली की हाडांची वाढ लवकर थांबते, त्यामुळे त्यांतल्या काही मुली बुटक्या राहिल्या. पुढे डेन्मार्कमधील पाहणीत परदेशांतून दत्तक आलेल्या मुलांत अकाली वयात येण्याचे प्रमाण दहा ते वीस पटींनी जास्त आढळले. तशाच देशांतून आईवडिलांसोबत स्थलांतर करून आलेल्या मुलांत मात्र ते फारसे वाढलेले नव्हते. म्हणजे कारण केवळ वंशाचे किंवा हवामानाचे नाही. कुपोषणानंतर एकदम मिळालेले भरपूर अन्न आणि वेगाने झालेली वाढ यांमुळे मेंदूतून वयात येण्याचे संकेत लवकर सुटत असावेत, असे तज्ज्ञांना वाटते.

पालकांच्या दृष्टीने यातून घ्यायचे ते एवढेच. आठ वर्षांच्या आत मुलीच्या छातीची वाढ दिसू लागली किंवा नऊ वर्षांच्या आत मुलात वयात येण्याची लक्षणे दिसली, तर थांबून पाहू नये, संप्रेरकतज्ज्ञांना दाखवावे. गरज असल्यास इंजेक्शनांनी ही प्रक्रिया काही वर्षे थोपवता येते. शिवाय वर्गातल्या इतर मुलींच्या आधी पाळी येणार असेल, तर त्या मुलीशी आधीच बोलून ठेवावे लागते. वेगळ्या रंगामुळे आधीच उठून दिसणाऱ्या मुलीला हा आणखी एक वेगळेपणा जड जातो.

कधी प्रश्न वयाचाच असतो. रस्त्यावर किंवा स्थानकात सापडलेल्या मुलाची जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली असते. मनगटाचा एक्स-रे आणि दात पाहून वय ठरवतात. पण कुपोषित मुलाची हाडे वयापेक्षा लहान दिसतात. त्यामुळे सहा वर्षांचे मूल कागदावर पाचचे होऊ शकते. घरचे खाणे वर्षभर मिळाल्यावर हा अंदाज पुन्हा तपासणे शहाणपणाचे असते.

फाइल वाचताना

भारतातून मूल दत्तक घेणाऱ्या पालकांना त्याचा बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल मिळतो. निर्णय घेण्याआधी हा अहवाल आपल्या पसंतीच्या डॉक्टरांना दाखवण्याची मुभा नियमांत आहे. ती प्रत्येकाने वापरावी. डॉक्टरांनी त्यात पाहायचे ते एका दिवसाचे वजन नव्हे, तर महिन्यामहिन्याने घेतलेल्या वजन, उंची आणि डोक्याच्या घेराची रेषा. खालच्या पातळीवरून का होईना, पण सातत्याने वर जाणारी रेषा आशादायक असते. सपाट झालेली रेषा प्रश्न विचारायला लावते.

रक्ताच्या अहवालांनाही संदर्भ लागतो. एचआयव्हीबाधित आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळे लहान बाळाची नेहमीची चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली, तरी बाळाला संसर्ग झालेला असतोच असे नाही. त्यासाठी विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी करावी लागते. केवळ त्या एका शब्दामुळे घर हुकलेले मूल ही टाळता येण्यासारखी शोकांतिका आहे. उलट क्षयाची मँटू चाचणी अशक्त मुलात खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. म्हणून नव्या घरी पोहोचल्यावर तीन ते सहा महिन्यांनी ती पुन्हा करतात. ब आणि क काविळीच्या चाचण्याही सहा महिन्यांनी पुन्हा केल्या जातात.

नव्या देशात गेल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत मुलाची सविस्तर तपासणी व्हावी, असा सर्वसाधारण सल्ला आहे. रक्तक्षय, जंत, ‘ड’ जीवनसत्त्वाचा अभाव, शिसे, थायरॉइड, कान आणि डोळे हे सगळे त्यात येते. लसींची नोंद अपुरी वाटली, तर प्रतिपिंडे मोजून पाहतात किंवा सरळ डोस पुन्हा देतात. पुन्हा दिल्याने बहुतेक लसींचे नुकसान होत नाही.

काही गोष्टी इथल्या डॉक्टरांनीच लिहून द्यायला हव्यात, कारण तिकडच्या डॉक्टरांना त्या सुचणार नाहीत. विदर्भ किंवा नंदुरबारच्या आदिवासी भागातून आलेल्या मुलात सिकलसेलची शक्यता असते. मुलाचा समाज माहीत नसेल, तर सिकलसेल आणि थॅलेसेमिया या दोन्हींसाठी हिमोग्लोबिनची तपासणी करून अहवाल सोबत द्यावा. डाव्या दंडावरचा व्रण बीसीजीच्या लशीचा आहे, हेही लिहावे. आपल्याकडच्या अनेक बाळांच्या कंबरेखाली जन्मतः निळसर काळपट डाग असतो. तो निरुपद्रवी असतो आणि वाढत्या वयात फिका होतो. पण गोऱ्या बाळांची सवय असलेल्या डॉक्टरला किंवा शिक्षिकेला तो माराचा वळ वाटू शकतो आणि नव्या आईबापांवर नसता संशय येऊ शकतो. अहवालातल्या एका ओळीने हे टळते.

उपचार दत्तकाची वाट पाहत नाहीत

दोन देशांची संमती, ‘कारा’चे ना हरकत प्रमाणपत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश, पारपत्र, व्हिसा या सगळ्याला महिने लागतात. ‘आता तिकडेच चांगले ऑपरेशन होईल’ अशा विचाराने इथले उपचार थांबले, तर तो काळ परत मिळत नाही. जन्मजात मोतीबिंदू पहिल्या काही आठवड्यांतच काढावा लागतो, नाहीतर मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकतच नाही. ऐकू न येणाऱ्या बाळाला श्रवणयंत्र सहा महिन्यांच्या आत मिळणे चांगले, कारण भाषेची खिडकी त्याच वयात उघडी असते. वाकडे पाऊल जन्मानंतर लगेच प्लास्टर घालून सरळ करणे सर्वांत सोपे असते. ही कामे जिल्हा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या पातळीवर होऊ शकतात. मूल कोणत्याही देशात जाणार असो, ती इथेच आणि वेळेवर व्हायला हवीत.

घरातले पहिले महिने

नव्या घरी आलेले मूल कधी पोट फुगेपर्यंत खाते, उशीखाली पोळीचा तुकडा लपवते. त्याला रागावून उपयोग नाही. अन्न नेहमी मिळणार आहे हा विश्वास बसायला काही महिने लागतात. डोळ्यांसमोर फळांची टोपली ठेवण्यासारखा साधा उपाय त्यासाठी पुरतो. रात्री दचकून उठणे, पहिल्यांदा आजूबाजूला न झोपलेल्या मुलांची उणीव जाणवणे हेही नेहमीचे आहे.

दुसरे लक्षण फसवे असते. मूल कोणाच्याही कडेवर जाते, अनोळखी पाहुण्याच्या मांडीवर बसते, दुकानात कोणाचाही हात धरून चालू लागते. घरचे कौतुकाने म्हणतात, ‘किती माणसाळलेले आहे!’ पण पाळीपाळीने बदलणाऱ्या हातांत वाढलेल्या मुलाला ‘आपले’ आणि ‘परके’ हा फरक शिकायलाच मिळालेला नसतो. अशा मुलासाठी पहिले काही महिने खाऊ घालणे, अंघोळ, झोपवणे आणि रडे थांबवणे ही कामे आईवडिलांनीच करावीत, कौतुकाला आलेल्या आजी-आत्यांनी जरा मागे राहावे, असे सांगितले जाते. एकत्र कुटुंबाची सवय असलेल्या आपल्या घरांत हे अवघड वाटते. पण नात्याची पहिली गाठ घट्ट बसली, की बाकीच्या गाठी सोप्या होतात.

भाषेचे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. दत्तक मूल काही महिन्यांतच जुनी भाषा बोलणे सोडते. लहानपणी कोरियातून फ्रान्समध्ये गेलेल्या प्रौढांना कोरियन वाक्ये ऐकवली, तर ती त्यांना ओळखूही आली नाहीत, असे २००३ मधील एका अभ्यासात दिसले. पण २०१७ मध्ये नेदरलँड्समधील अभ्यासात वेगळे चित्र पुढे आले. तान्हेपणी किंवा लहानपणी कोरियातून आलेल्या प्रौढांना कोरियन भाषेचे उच्चार शिकवले, तेव्हा त्यांनी ते इतर डच माणसांपेक्षा लवकर आत्मसात केले. सहा महिन्यांचे होण्याआधी आलेल्यांतही हे दिसले. विसरलेले सारेच पुसले जात नाही. मराठी ऐकत वाढलेले मूल घेऊन जाणाऱ्या परदेशी पालकांनी ‘पाणी’, ‘भूक’, ‘दुखतंय’, ‘शू’, ‘झोप’ असे पंधरा-वीस शब्द शिकून जावेत, हा सल्ला म्हणूनच केवळ सौजन्याचा नाही. पहिल्या आठवड्यांत मुलाजवळ दुखणे सांगायला तेवढीच भाषा असते.

खोटा कागद आणि पुढची चाळीस वर्षे

दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये जाहीर केले, की परदेशी दत्तकात मुलांच्या हक्कांचे उल्लंघन झाले आणि कागदपत्रांत फेरफार झाले. आईबाप असलेल्या मुलांना अनाथ दाखवले गेले, एका मुलाची ओळख दुसऱ्याला दिली गेली. नेदरलँड्समध्ये २०२१ मध्ये एका चौकशी समितीने अशाच गैरप्रकारांवर बोट ठेवले आणि सरकारने परदेशी दत्तक थांबवले. भारतातून पूर्वी गेलेल्यांतले अनेक जण आता प्रौढ वयात पुण्या-मुंबईच्या संस्थांत आपली मुळे शोधत येतात.

हा प्रश्न भावनेचा आणि न्यायाचा आहे, तसाच प्रकृतीचाही आहे. ‘घरात कोणाला मधुमेह, हृदयविकार, स्तनाचा कर्करोग?’ हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो. दत्तक गेलेल्या माणसाकडे त्याचे उत्तर नसते. ‘माहीत नाही’ असे लिहिले असेल, तर डॉक्टर तपासण्या जरा लवकर सुरू करतात. खोटे लिहिले असेल, तर मात्र डॉक्टरही चुकीच्या वाटेने जातात. जन्मदात्या आईचे वय, तिचे आजार, गरोदरपणात घेतलेली औषधे, प्रसूती कशी झाली, बाळ लगेच रडले का, एवढे जरी प्रसूतिगृहातच नीट नोंदले आणि आईचे नाव गुप्त ठेवून मुलाच्या फाइलमध्ये उतरवले, तरी त्या मुलावर पुढच्या आयुष्यभराचे उपकार होतात.

मनाच्या प्रकृतीचेही असेच आहे. स्वीडनमधील मोठ्या पाहणीत परदेशांतून दत्तक आलेल्या तरुणांत आत्महत्येचे प्रमाण इतरांच्या सुमारे साडेतीन पट आढळले, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही त्यांतले बहुसंख्य तरुण मानसिक आजाराविना वाढले होते, हेही त्याच पाहणीने सांगितले. वयात येताना ‘मी कोण, मला का दिले’ हे प्रश्न येतातच. दत्तकाची गोष्ट मुलाला लहानपणापासून सहज सांगितलेली असेल आणि फाइलमध्ये तिला आधार असेल, तर त्या प्रश्नांना तोंड देणे सोपे जाते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आपली मुळे शोधण्याची तरतूद भारतीय नियमांत आहे, जन्मदात्यांचा खासगीपणा सांभाळून. घरात निराशा, अबोला, स्वतःला इजा करणे दिसले, तर ‘वय आहे, जाईल’ असे न म्हणता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे.

वेळ कुठे वाचवायचा?

मग लवकर घर आणि खरी माहिती यांची सांगड कशी घालायची? कायद्याने काही मुदती विचारपूर्वक ठेवल्या आहेत. मूल सोपवणाऱ्या आईला निर्णय बदलण्यासाठी ६० दिवस मिळतात. सापडलेल्या मुलाचे नातेवाईक शोधून ते दत्तकासाठी मुक्त असल्याचे ठरवायला, मूल दोन वर्षांपर्यंतचे असेल तर दोन महिने आणि मोठे असेल तर चार महिने दिले आहेत. हे दिवस कापण्यात शहाणपण नाही, कारण खऱ्या माहितीचा पाया त्यातच घातला जातो. वेळ वाचवायचा तो पुढे, फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना पडून राहते तिथे. त्याहून मोठा प्रश्न, आईबाप भेटायलाही येत नाहीत आणि कायद्याने सोपवतही नाहीत म्हणून संस्थेतच मोठ्या होणाऱ्या मुलांचा आहे. त्यांच्या प्रकरणांचा निकाल लवकर लागला, तर त्यांतल्या अनेकांना देशातच घर मिळेल.

आणि जे दिवस संस्थेत काढावेच लागतात, ते बदलता येतात. प्रत्येक बाळासाठी एक ठरावीक सेविका, दूध पाजताना मांडीवर घेणे, अंघोळ घालताना बोलणे, शक्य तिथे संगोपन कुटुंबात ठेवणे. याला महागडी यंत्रे लागत नाहीत, माणसे लागतात. पालकांच्या हातात आणखी एक उपाय आहे. ना हरकत प्रमाणपत्र मिळाल्यावर आदेशाची वाट पाहताना मुलाला भारतातच दत्तकपूर्व संगोपनासाठी जवळ ठेवता येते. रजा काढून ते दिवस इथे काढणारे आईबाप मुलाचे काही महिने वाचवतात आणि त्याच्या सवयी, खाणे, झोप ज्यांना माहीत आहे, त्या सेविकेकडून सारे समजूनही घेतात. मूल घरी गेल्यावर दोन वर्षे प्रगतीचे अहवाल पाठवावे लागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. त्या अहवालांत हसऱ्या छायाचित्रांबरोबर उंची, वजन, डोक्याचा घेर आणि उपचारांची नोंद आली, तर पाठवणाऱ्या डॉक्टरांनाही कळेल, की आपण फाइलमध्ये काय लिहायला हवे होते. पुढच्या मुलाची फाइल मग त्यातूनच सुधारेल.